गॅस्ट्रिक बँडनं किती वजन उतरतं आणि किती टिकतं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४४, उंची १५७ सेंमी, वजन १०८ किलो, राहणार इंदूर. सहा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ८.४ आहे. गुडघ्यांमुळे दोन जिने चढवत नाहीत. मेलबर्नला असलेल्या नणंदेनं बारा वर्षांपूर्वी पोटात पट्टा, म्हणजे गॅस्ट्रिक बँड, बसवून घेतला. तिचं पंचवीस किलो वजन उतरलं आणि ते आजही टिकून आहे. इथल्या सर्जननी मात्र पट्ट्याचं नाव न घेता स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढणं) किंवा बायपास (अन्नाची वाट वळवणं) सुचवलं. पोट कापून काढायच्या कल्पनेनंच झोप उडते. पट्ट्यात काही कापत नाहीत, नको वाटला तर काढताही येतो, मग तोच का करू नये? आणि त्यानं वजन नेमकं किती उतरेल?

ताई, मी तुमच्याच गावात गेली बावीस वर्षं वजन घटवायची ऑपरेशनं करते. सुरुवातीच्या काळात मी स्वतः पट्टे बसवले आहेत. माझ्या हातचा शेवटचा पट्टा २०१२ सालचा, त्यानंतर मी फक्त काढलेत. त्यामुळे आधी सरळ उत्तर देते: नव्यानं पट्टा बसवून घेऊ नका. पण तुमची नणंद खोटं बोलत नाही, आणि तिला जमलं ते तुम्हाला इथं का जमणार नाही हे नीट कळल्याशिवाय तुमच्या मनातून पट्टा जाणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पट्टा म्हणजे सिलिकॉनची एक कडी. तिच्या आतल्या बाजूला पातळ फुगा असतो. अन्ननलिका संपून जठर सुरू होतं, त्याच्या जरासं खाली, जठराच्या अगदी वरच्या टोकाला ही कडी दुर्बिणीतून घालून अडकवायची. वर लहान लिंबाएवढी जागा उरते, बाकी सगळं जठर खाली. फुग्यापासून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या नाण्याएवढ्या पोर्टला जोडलेली असते. पोर्टमध्ये सुईनं सलाईन घातलं की कडी आवळते, काढलं की सैल होते. आवळता येणारा सिलिकॉनचा पट्टा कुझमाक या सर्जननी १९८६ मध्ये वापरात आणला, १९९३ मध्ये बेल्जियममध्ये बेलाच्यू या सर्जननी तो दुर्बिणीतून बसवला आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या संस्थेनं, त्याला मान्यता दिली. ऑपरेशन तासाभराचं, दुसऱ्या दिवशी घरी. कुठं कापणं नाही, आतडं जोडणं नाही. ऑपरेशनच्या टेबलावरचा धोका बघितला तर बॅरिॲट्रिकमधलं, म्हणजे वजन घटवायच्या ऑपरेशनांतलं, हेच सगळ्यांत सौम्य. आम्हा सर्जन मंडळींना तो का आवडला असेल, हे तुमच्या लक्षात येईल.

पिशवीचं तोंड दोरीनं बांधावं तसा पट्टा अन्न अडवतो, अशी बहुतेकांची समजूत असते. तसं नाही. जठराच्या वरच्या टोकाशी मज्जातंतूंचं जाळं असतं. कडीचा हलका दाब तिथं कायम राहिला की मेंदूला ‘पोट भरलं’ असा निरोप जातो, आणि थोडक्या खाण्यावर तो निरोप तासन्‌तास टिकतो. घास अन्ननलिकेनं दोन-चार वेळा ढकलला की कडीतून खाली उतरतो. अन्न वर साठून राहायला लागलं, घास छातीत बसायला लागला, की पट्टा फार आवळलाय असं समजायचं. अडकणं आणि पोट भरणं यांतला फरक पेशंटला शिकवावा लागतो. तो शिकायला सहा महिने ते वर्ष लागतं.

हे आवळणं कसं चालतं ते सांगते, कारण पट्ट्याचं सगळं यश-अपयश तिथंच ठरतं. पेशंटला टेबलावर उताणं झोपवायचं. ‘डोकं थोडं उचला’ म्हटलं की पोटाचे स्नायू ताठ होतात आणि बोटाच्या टोकाला पोर्टची कड लागते. मग एक खास सुई घ्यायची. साध्या सुईनं पोर्टच्या रबराला भोक पडतं आणि पुढं ते गळत राहतं. खास सुई सरळ आत जाते, तळाच्या धातूला टेकल्याचं हाताला कळतं. अर्धा मिलिलिटर सलाईन. मग पेशंटला उठून बसवायचं आणि ग्लासभर पाणी घोटघोट प्यायला द्यायचं. पाणी शांतपणे खाली गेलं तर ठीक. घशाशी गुडगुडलं, तोंडात लाळ सुटली, माणूस छातीवर हात ठेवून पुढं वाकला, की तिथल्या तिथं थोडं काढून घ्यायचं. अर्ध्या मिलिलिटरमध्ये माणसाचं जेवण बदलतं. एकाच वेळेत कधीच जमत नाही. पहिल्या वर्षात सहा-आठ वेळा यावं लागतं, पुढंही दरवर्षी. सर्दी झाली, प्रवास झाला, वजन उतरलं, तरी त्याच पट्ट्याचा आवळ बदललेला वाटतो.

आता आकडे. यात फसगत फार होते, म्हणून तुमच्याच वजनावर मांडते.

वजन उतरण्याचे टक्के दोन तऱ्हांनी सांगतात. एक म्हणजे एकूण वजनाचे टक्के. दुसरी तऱ्हा म्हणजे जादा वजनाचे टक्के. तुमच्या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २५ म्हणजे साधारण ६२ किलो, त्यावरचं ते जादा. तुमचं वजन १०८, म्हणजे जादा वजन ४६ किलो, आणि आजचा बीएमआय ४४ च्या आसपास. कुणी सांगितलं की ‘पट्ट्यानं ४७ टक्के वजन जातं’, तर तुमच्या डोक्यात १०८ चे निम्मे, पन्नासेक किलो येतात. प्रत्यक्षात ते ४७ टक्के त्या ४६ किलोंचे असतात, म्हणजे २१-२२ किलो. तुम्ही ८६ किलोंवर याल. वाईट नाही, पण मनात धरलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. दवाखान्याच्या बोर्डावर किंवा जाहिरातीत टक्का दिसला, तर आधी विचारा: कशाचा टक्का, आणि कितव्या वर्षाचा?

हे ४७ टक्के मी हवेतून आणलेले नाहीत. हे मेलबर्नचेच आहेत. तिथल्या पॉल ओ’ब्रायन यांच्या गटानं २०१३ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब छापला. तीन हजारांहून जास्त पेशंट, आणि पंधराव्या वर्षीही जादा वजनाच्या ४७ टक्के वजन उतरलेलं. जगात पट्ट्याचा इतका चांगला लांब पल्ल्याचा निकाल क्वचितच कुणी दाखवला असेल. त्याच अहवालात हेही आहे की जवळपास चौथ्या हिश्श्याच्या पेशंटना पट्ट्याच्या वरची पिशवी फुगल्यामुळं पुन्हा ऑपरेशन लागलं आणि पोर्ट किंवा नळीच्या दुरुस्तीसाठी २१ टक्क्यांना. म्हणजे नणंदबाईंच्या गावात, जिथं हे काम सर्वांत मन लावून झालं, तिथंही दुरुस्ती लागलीच. फरक इतकाच, की तिथं वेळच्या वेळी बोलावणारे, पट्टा सैल-घट्ट करणारे, एक्स-रे बघणारे लोक एकाच छताखाली बसलेले होते.

त्याच पट्ट्याचं ब्रसेल्समध्ये काय झालं ते २०११ मध्ये छापून आलं. बारा वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा केलेल्या पेशंटपैकी सुमारे ६० टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं, जवळजवळ निम्म्यांचा पट्टा काढावा लागला आणि चारांतल्या एकापेक्षा जास्त जणांच्या जठरात पट्टा घासत घासत आत शिरला होता. मेलबर्न आणि ब्रसेल्स दोन्ही खरे. मी जेव्हा पट्टे बसवत होते, तेव्हा मला मेलबर्नचा निकाल अपेक्षित होता आणि माझ्याकडं व्यवस्था ब्रसेल्सहूनही अपुरी होती. हे मी आज लपवत नाही.

स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात पंधरा वर्षांनी पट्टेवाल्यांचं एकूण वजन १३ टक्के कमी होतं, बायपासवाल्यांचं २७ टक्के. अमेरिकेच्या एका मोठ्या पाहणीत सात वर्षांनी पट्ट्याचे १५ टक्के, बायपासचे २८. तुमच्या १०८ किलोंवर मांडा: पट्ट्यानं तुम्ही ९२ ते ९४ वर स्थिरावाल, बायपासनं ७८-७९ वर. इंग्लंडमध्ये साडेतेराशेच्या आसपास लोकांना चिठ्ठ्या टाकून तिन्ही ऑपरेशनांत वाटलं होतं. त्याचा निकाल २०२५ मध्ये आला. तीन वर्षांनी जादा वजनाचा निम्मा भार उतरवणारे बायपासमध्ये ६८ टक्के, स्लीव्हमध्ये ४१, पट्ट्यात २५. अमेरिकेत २०११ मध्ये दर तीन बॅरिॲट्रिक ऑपरेशनांतलं एक पट्ट्याचं असे. २०१९ मध्ये शंभरात एकही उरलं नव्हतं. भारतातही नवा पट्टा आता जवळजवळ कुणी बसवत नाही. तुमच्या सर्जननी त्याचं नाव काढलं नाही, ते यामुळं.

सरासरीच्या मागं माणसं असतात. माझ्याकडं पट्ट्यावर चाळीस किलो उतरवून ते टिकवलेली एक बाई आहे, आणि चार वर्षांत जेमतेम सहा किलो उतरलेला माणूसही आहे. दोघांचा पट्टा एकाच कंपनीचा, बसवणारे हात तेच. फरक कुठं पडला? खाण्यात, आणि मी जे खाणं म्हणते ते आपल्या इंदूरचं आहे.

पट्ट्याला पोळी आवडत नाही. नीट न चावलेली पोळी लाळेत भिजून गोळा होते आणि कडीवर बसते. भाताचं तेच, ब्रेडचं तर विचारूच नका. पालेभाजीचे दोरे, मक्याच्या दाण्यांची सालं, तळलेल्या गराडू कंदाचे तुकडे, बाफल्याचा (उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्याचा) घास, हे सगळं अडकतं. मग माणूस हळूहळू शोधून काढतो की काय अडकत नाही. सराफ्यातली, रात्रीच्या खाऊबाजारातली, रबडी अडकत नाही. आपली इंदुरी शिकंजी, आटवलेल्या दुधाची, सुक्या मेव्याची, ती एका दमात खाली जाते. जिलबी तोंडात विरते. बारीक शेव चघळली की पीठ होतं. श्रीखंड, आइस्क्रीम, साखर घातलेला चहा, काहीच अडत नाही. पट्टा बरोबर आवळलेला, पेशंट प्रामाणिकपणे सांगते की ‘डॉक्टर, मी अर्धी पोळीही खात नाही’, आणि वजन काटा जागचा हलत नाही. या बाईंना लबाड म्हणणं मला कधीच पटलं नाही. पट्ट्यानं तिचं चांगलं अन्न अडवलं आणि वाईट अन्नाला वाट मोकळी सोडली. त्यात कडी जितकी जास्त आवळावी, तितकी ती जास्त पातळ-गोड खाण्याकडं वळते. वजन उतरत नाही म्हणून आणखी आवळणं ही पट्ट्याच्या उपचारातली सर्वांत महागात पडणारी चूक. ती मीही केलेली आहे.

एक पेशंट मला कधीच विसरता येणार नाही. चौतीस वर्षांची, शाळेत शिकवणारी. पट्ट्यानं पहिल्या दीड वर्षात बावीस किलो उतरले, घरचे खूश. मग नवऱ्याची बदली झाबुआकडं झाली. येणं लांबलं, फोनही थांबले, आणि आमच्याकडूनही कुणी मागं लागलं नाही. एका लग्नात जेवताना घास अडकला, तेव्हापासून उलट्या. तीन आठवडे. पाणीसुद्धा टिकेना. तिकडच्या एका दवाखान्यात अशक्तपणा म्हणून चार दिवस ग्लुकोजची सलाईन चढवली. पाचव्या दिवशी तिला एकाची दोन माणसं दिसायला लागली आणि चालताना झोक जाऊ लागला. मग नवरा तिला गाडीत घालून रातोरात इंदूरला घेऊन आला. एक्स-रे काढला. पट्टा जागेवर असला की एक्स-रेत डाव्या खांद्याकडं रोखलेली तिरकी पट्टी दिसते. तिचा पट्टा बांगडीसारखा पूर्ण गोल दिसत होता. खालचं जठर कडीतून वर सरकलं होतं.

मी टेबलावरच पोर्टमधलं सगळं सलाईन ओढून घेतलं. पाच मिनिटांत तिनं पाण्याचा घोट गिळला आणि रडायला लागली. पण तिचे डोळे आणि चाल बिघडली होती ती पट्ट्यानं नाही, थायमिन म्हणजे बी१ जीवनसत्त्व संपल्यामुळं. शरीरात थायमिनचा साठा काही आठवड्यांपुरताच असतो. उलट्यांत तो संपतो, आणि त्यावर नुसतं ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलं थायमिन ते ग्लुकोज जाळण्यात खर्च होतं. मेंदूला इजा होते. शिरेतून थायमिनचे मोठे डोस दिले. डोळे काही दिवसांत सुधारले, चाल नीट व्हायला सात महिने लागले. पट्टा काढला. त्या दवाखान्यावर मला रोष धरवत नाही, कारण तिच्या पोटात पट्टा आहे आणि अशा माणसाला उलट्या झाल्या तर आधी काय करायचं, हे लिहिलेला कागद तिच्या पर्समध्ये असायला हवा होता, आणि तो मी दिला नव्हता. तेव्हापासून पट्टा असो, स्लीव्ह असो, बायपास असो, माझ्या प्रत्येक पेशंटला तो कागद मिळतो. मराठीत आणि हिंदीत, दोन्हीकडून लॅमिनेट केलेला: वजन घटवायचं पोटाचं ऑपरेशन झालेलं आहे, सतत उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या.

आता तुमचा मुख्य मुद्दा: ‘काढता तर येतो’. येतो. पण दोन गोष्टी कुणी सांगत नाही. पट्टा काढला की भूक परत येते आणि बहुतेकांचं वजनही. शिवाय काढल्यावर जठर पहिल्यासारखं उरत नाही. कडीभोवती शरीर घट्ट पांढरं वेष्टण तयार करतं, ते जठराला चिकटतं. पुढं त्याच जागी स्लीव्ह करायची तर स्टेपलरचे टाके त्या वेष्टणावर पडतात आणि टाक्यांतून गळती होण्याचा धोका वाढतो. म्हणून आधी पट्टा आणि वेष्टण काढून, काही महिने थांबून मग दुसरं ऑपरेशन करणं मला सुरक्षित वाटतं. म्हणजे एका भीतीपोटी तुम्ही दोन-तीन भुली घेणार. पट्ट्याकडं ‘आधी हे करून बघू’ म्हणून बघू नये, ते यामुळं.

पोट कापायची भीती मी थट्टेवारी नेणार नाही. ती खरी आहे. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. ती परत जोडता येत नाही. पण काढलेल्या भागातच भुकेचं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः बनतं, त्यामुळं भूक आतून कमी होते. पट्ट्यात ते होत नाही. बायपासमध्ये काही काढून टाकत नाहीत. जठराची छोटी पिशवी वेगळी करून तिला आतडं जोडतात, आणि अन्न जठराचा बाकीचा भाग आणि आतड्याची सुरुवात टाळून पुढं जातं. मधुमेहावर याचा परिणाम वजन उतरायच्या आधीपासून दिसू लागतो. स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात पाच वर्षांनी जादा बीएमआयपैकी स्लीव्हनं ६१ टक्के आणि बायपासनं ६८ टक्के घट झाली. फार अंतर नाही. मात्र छातीतली जळजळ स्लीव्हनंतर जवळपास एकतृतीयांश लोकांत वाढली आणि बायपासनंतर थोड्यांतच.

तुमच्या बाबतीत म्हणून मी दोन प्रश्न विचारीन. रात्री आडवं झाल्यावर आंबट पाणी वर येतं का? येत असेल आणि एंडोस्कोपीत अन्ननलिकेला जखमा दिसल्या, तर मी स्लीव्ह करणार नाही, बायपासकडं वळेन. आणि मधुमेह सहा वर्षांचा, गोळ्यांवरचा, अजून इन्सुलिन लागलेलं नाही, म्हणजे स्वादुपिंडात जोर शिल्लक असायची शक्यता बरी आहे. ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात पट्ट्यानंही मधुमेह मागं हटला होता, ७३ टक्के लोकांत. पण ते सगळे दोन वर्षांच्या आतले मधुमेही होते आणि त्यांचं वजन चांगलं पाचव्या हिश्श्यानं उतरलं होतं. तुम्ही आणखी पाच वर्षं विचारात घालवलीत तर कुठल्याच ऑपरेशनला इतका हात देता येणार नाही. घाई करा म्हणत नाही, पण मधुमेहाचं घड्याळ चालू आहे हे लक्षात असू द्या.

बायपासची किंमतही ऐका. लोह, बी१२, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं, वर्षातून एकदा तरी रक्त तपासायचं. गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या घेत असाल तर त्या पुढं कायमच्या बंद, त्यानं जठर-आतड्याच्या जोडावर अल्सर होतो. प्रथिनं रोज ६० ते ८० ग्रॅम. आपल्या घरच्या वरण-भातात ती भरत नाहीत. पातळ वरणाच्या वाटीत दिसायला डाळ आणि प्रत्यक्षात पाणी जास्त. पनीर, घट्ट ताक-दही, चक्का, मोड आलेली कडधान्यं, सोयाबीन, चालत असेल तर अंडी, आणि सुरुवातीला पावडर. जेवताना पाणी नाही. पट्टा असो वा बायपास, घास बोटाच्या पेराएवढा आणि जेवणाला वीस मिनिटं. वजन भराभर उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात, त्यासाठी काही महिने गोळी देतो.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हल्ली पहिल्या पाच मिनिटांत तो विषय निघतोच. टिर्झेपटाइड मार्च २०२५ पासून भारतात मिळू लागलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षीच्या जूनपासून. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडनं सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपटाइडच्या वरच्या डोसनं २० टक्क्यांच्या आसपास एकूण वजन उतरलं. म्हणजे पट्ट्याइतकं किंवा त्याहून जास्त, पोटात काही न बसवता. मधुमेह असलेल्यांत हा आकडा थोडा कमी येतो. बंद केलं की वजन परत चढतं. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोनतृतीयांश परत आलं होतं. तुम्हाला ऑपरेशन मनाला पटतच नसेल, तर पट्ट्यापेक्षा मी आधी हे सुचवीन, तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि काही महिन्यांनी मन बदललं तर त्यात काही वाया गेलेलं नसेल. ऑपरेशनच्या आधी उतरलेले दहा किलो टेबलावर आम्हालाही उपयोगी पडतात, यकृत आक्रसतं आणि दिसायला सोपं जातं.

विम्याचं थोडक्यात: बीएमआय ४० च्या वर असेल आणि डॉक्टरांचा वैद्यकीय सल्ला लेखी असेल, तर विमा प्राधिकरणाच्या नियमांनुसार वजनाच्या शस्त्रक्रियेचा दावा करता येतो. ३५ च्या वर असेल तर आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेतला श्वासरोध असा गंभीर आजार लागतो. तुम्ही ४४ वर आहात. पॉलिसीचा प्रतीक्षा काळ संपला आहे का, एवढं आधी बघून घ्या आणि आधी वजन कमी करायचे काय काय प्रयत्न झाले त्याचे कागद जपा. सर्जनकडं जाल तेव्हा त्यांना विचारा की त्यांच्या पेशंटपैकी पाचव्या वर्षी किती जण अजून तपासायला येतात, आणि आहारतज्ज्ञ त्यांच्याच दवाखान्यात बसतात की नुसता नंबर देतात. उत्तर देताना ते वहीत बघतात की छताकडं, तेही बघा.

उरला तुमच्या नणंदबाईंचा पट्टा. वजन टिकून आहे, त्रास नाही, तर तो काढायची काहीच गरज नाही. पण त्या पुढच्या वेळी इंदूरला येतील तेव्हा दोन गोष्टी विचारा. रात्री झोपेत खोकल्यानं जाग येते का, उशीवर पाणी येतं का? आणि पूर्वी जाणारा घास हल्ली बसतो का, किंवा उलट, अचानक काहीही सहज जायला लागलंय का? रात्रीचा खोकला म्हणजे पट्ट्याच्या वर अन्ननलिका ताणून पसरत असेल. सगळं सहज जायला लागणं आणि पोर्टच्या जागी लाली येणं म्हणजे पट्टा जठरात शिरत असेल, अशा वेळी पोट दुखत नाही म्हणून कुणी तपासत नाही. यातलं काहीही असेल तर बेरियम पाजून एक्स-रे आणि एंडोस्कोपी करून घ्या. काहीच नसलं तरी वर्षातून एकदा पोर्ट तपासणं आणि बी१२, लोह बघणं सोडू नका म्हणावं. त्यांच्या पट्ट्याचा ऑपरेशनचा कागद, पट्ट्याचं मॉडेल आणि आत्ता आत किती मिलिलिटर सलाईन आहे तो आकडा, हे सोबत घेऊन यायला सांगा. तो आकडा नसला तर इथं कुणालाही पोर्टला हात लावताना अंदाजानं काम करावं लागतं.